विश्वास आधी की पश्चात्ताप आधी?

वरच्या इयत्तांत शास्त्राच्या तासाला तारणाचा विषय निघाला म्हणजे एक प्रश्न कोणी ना कोणी विचारल्याखेरीज राहत नाही. मनुष्याने प्रथम पश्चात्ताप करावयाचा आणि मग ख्रिस्तावर विश्वास ठेवावयाचा, की प्रथम विश्वास ठेवावयाचा आणि पश्चात्ताप त्याच्या मागून येणार? वरवर पाहता हा प्रश्न कोंबडी आधी की अंडे आधी या जातीचा दिसतो, आणि कित्येक विद्यार्थी तो निव्वळ वादाच्या हौसेने विचारतात, हेही आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्याच्या मनाला आपल्या पापाची टोचणी लागली आहे, त्याच्यापुरता तो वादाचा प्रश्न राहत नाही. आधी कोणते पाऊल टाकावे हे न कळल्यामुळे तो दाराशीच घुटमळत राहतो. अशा वाचकास डोळ्यांपुढे ठेवून आम्ही या प्रश्नाचा येथे विचार करणार आहो. वादाची हौस असलेल्यांनीही तो वाचावा. त्यांस मनाई नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. कारण या बाबतीतला अर्धा घोटाळा शब्दांनीच केला आहे, असे आमचे मत आहे. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. संतवाङ्मयात जो अनुताप शब्द येतो, त्याचाही अर्थ हाच. दोन्ही शब्द उत्तम आहेत, पण दोहोंचा भर तापावर, म्हणजे मनाला होणाऱ्या जळजळीवर आहे. यार्देन नदीच्या काठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने आणि त्याच्यामागून गालीलात प्रभु येशूने लोकांस जी हाक मारली, ती मराठीत वाचणाऱ्याला असे वाटते की, आपण पुरेसे रडलो, पुरेसे तळमळलो, म्हणजे ती आज्ञा पाळली गेली. मूळ ग्रीक भाषेतला शब्द ‘मेटानोइया’ असा आहे. त्याचा अर्थ मन पालटणे असा होतो. आणि तेथे मन म्हणजे नुसत्या भावना नव्हेत, तर मनुष्याची बुद्धी, त्याचा निर्णय, त्याच्या जीविताचा सगळा रोख. त्या ग्रीक शब्दाच्याही पाठीमागे इब्री संदेष्ट्यांचा ‘शूब’ हा शब्द उभा आहे. तो तर अगदी साधा, रस्त्यावरचा शब्द आहे. वाट चुकलेला प्रवासी मागे फिरतो, त्या फिरण्याला इब्री भाषेत शूब म्हणतात. होशेय आणि यिर्मया यांनी आपल्या लोकांस परमेश्वराकडे बोलाविताना हाच शब्द पुनःपुन्हा योजिला आहे. त्यात दुःख नाही असे नाही. परंतु दुःख हे त्या शब्दाचे मर्म नव्हे. फिरणे हे मर्म आहे.

आमच्याकडे आणखी एक शब्द या जागी नकळत येऊन बसतो, तो म्हणजे प्रायश्चित्त. याज्ञवल्क्यस्मृतीचे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे तीन अध्याय आहेत, यावरून या देशाच्या धर्मविचारात त्या विषयाला केवढे स्थान होते हे दिसून येईल. अमुक पापाला अमुक व्रत, अमुक उपवास, अमुक दान, असा त्यात हिशेब असे. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. आमचे पूर्वज केवळ बाह्य विधीवरच संतुष्ट होते, असे जे आमचे काही उपदेशक सांगतात, ते बरोबर नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पाप केल्यावर वाटणारा संताप आणि पुन्हा असे करणार नाही असा निश्चय, यांनाही शुद्धीचे साधन म्हटले आहे; आणि तेथे योजिलेला निवृत्ति हा शब्द शूबाच्या फार जवळ येतो. तेव्हा फरक पश्चात्तापाची ओळख असण्यानसण्याचा नाही. मागे फिरून कोणाकडे जावयाचे, आणि जाताना हातात काही मोल घेऊन जावयाचे की काय, हा फरक आहे. प्रायश्चित्त हे मोल आहे. पश्चात्ताप हे मोल नव्हे. जो ख्रिस्ती मनुष्य आपल्या अश्रूंना क्षमेची किंमत समजतो, त्याने नाव पश्चात्तापाचे ठेविले असले तरी तो प्रायश्चित्तच करीत आहे.

विश्वास हा शब्द मात्र आमच्या भाषेला भाग्याने लाभला आहे. संस्कृतात ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे. आणि विश्वास म्हणजे ज्याच्याजवळ मनुष्य मोकळा श्वास घेऊ शकतो, निर्धास्त होतो, ती मनाची स्थिती. मुलगा घोकंपट्टी करून प्रश्नोत्तरावलीतील सगळी उत्तरे बिनचूक म्हणून दाखवितो, देव एक आहे, ख्रिस्त देवाचा पुत्र आहे, तो वधस्तंभावर मरण पावला, इत्यादि सर्व त्याला मान्य असते. ही मान्यता झाली, विश्वास नव्हे. याकोबाने आपल्या पत्रात मोठ्या उपरोधाने म्हटले आहे की, देव एकच आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. भुतांचे मत शुद्ध आहे. पण ती देवाजवळ मोकळा श्वास घेत नाहीत, आणि त्याच्याकडे फिरतही नाहीत.

शब्दांचा असा उलगडा झाला म्हणजे आमचा मूळ प्रश्न पुष्कळसा सैल पडतो. पुण्याच्या स्टेशनावर लोणावळ्यास जावयाचा एखादा मुलगा चुकून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसला अशी कल्पना करा. गाडी सुटल्यावर त्याला चूक कळली. तो खिडकीशी बसून हळहळू लागला. त्याच्या हळहळण्याने गाडी काही वळावयाची नाही. तो रडत रडत दौंडास पोहोचेल. त्याने पुढच्या स्टेशनावर उतरले पाहिजे. परंतु उलट जाणारी गाडी आहे आणि ती आपणांस घेऊन जाईल, असा भरवसा वाटल्याखेरीज तो उतरेल कशाला? आणि तसा भरवसा आहे असे तोंडाने म्हणत जो आपल्या बाकावर बसून राहतो, त्याचा भरवसा कितपत खरा समजावा? एक गाडी सोडणे व दुसरी धरणे या दोन क्रिया आपण बोलताना वेगळ्या करितो. उतरणाऱ्या मुलाच्या मनात त्यांची एकच क्रिया असते. पापाकडून फिरणे यास पश्चात्ताप म्हणतात, ख्रिस्ताकडे फिरणे यास विश्वास म्हणतात. फिरणारा मनुष्य एक आणि फिरणेही एकच. थेस्सलनीका येथील मंडळीविषयी लिहिताना पौलाने हे एकाच वाक्यात सांगितले आहे, आणि त्या वाक्यात देवाकडे वळणे आधी येऊन मूर्तींपासून वळणे मागून येते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

नव्या करारात कधी या क्रियेचे एक नाव घेतले आहे, कधी दुसरे. पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेतील जमावाने पेत्राला, आम्ही काय करावे, असे विचारले, तेव्हा त्याने पश्चात्ताप व बाप्तिस्मा सांगितला, विश्वासाचा शब्द काढिला नाही. तरी पुढे थोड्याच ओळींनंतर त्याच लोकांस लूक विश्वास ठेवणारे असे म्हणतो. फिलिप्पै येथे बंदिशाळेच्या नायकाने पौल व सीला यांना तोच प्रश्न केला, तेव्हा उत्तर विश्वासाचे मिळाले, पश्चात्तापाचा शब्द निघाला नाही. पण त्याच रात्री, त्याच घटकेस, त्या नायकाने आदल्या दिवशी ज्यांचे पाय खोड्यात अडकविले होते त्यांच्या जखमा धुतल्या. त्या पाण्याच्या भांड्यात पश्चात्ताप नव्हता, असे कोण म्हणेल? योहानाच्या शुभवर्तमानात तर पश्चात्ताप हा शब्द, नाम किंवा क्रियापद कोणत्याही रूपाने, एकदाही आलेला नाही. उलट विश्वास ठेवणे हे क्रियापद त्यात ९८ वेळा आले आहे. यावरून योहानाला पश्चात्ताप नको होता असे अनुमान काढणे म्हणजे नाण्याची एक बाजू पाहून दुसरी बाजू कोरी आहे असे म्हणण्यासारखे होईल.

या विषयावर पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले आहेत. परंतु ज्या रात्री प्रभु येशू धरला गेला, त्या रात्रीच्या दोन शिष्यांकडे नीट पाहिले असता जे कळते, ते त्या ग्रंथांतून क्वचितच इतके स्पष्ट कळत असेल.

यहूदा इस्कर्योत आणि पेत्र हे दोघेही बारांपैकी. दोघांनीही त्याच रात्री आपल्या धन्याशी बेइमानी केली. यहूदाने त्याला धरून दिले. पेत्राने शपथ वाहून, तो मनुष्य माझ्या ओळखीचा नाही, असे तीनदा सांगितले. पुढे काय झाले ते पाहा. मत्तय सांगतो की, येशूला दंडाज्ञा झाल्याचे पाहून यहूदाला पस्तावा झाला. तो मुख्य याजकांकडे व वडील जनांकडे गेला. आपण निर्दोष रक्त धरून दिले, हे आपले पाप त्याने तोंडाने कबूल केले. रुप्याची तीस नाणी त्याने परत आणिली, आणि ती घेईनात तेव्हा मंदिरात फेकून दिली. मनाचे दुःख, मुखाने कबुली, आणि हाताने भरपाई, या तिन्ही गोष्टी त्याच्या ठायी होत्या. पुढल्या काळात रोमन मंडळीने १५५१ साली ट्रेंटच्या धर्मसभेत पश्चात्तापी मनुष्याच्या कृतीची जी तीन अंगे सांगितली, ती हीच. आमच्यापैकी किती जणांचा पश्चात्ताप इतका पूर्ण झाला असेल? आणि तरीही यहूदाने जाऊन गळफास घेतला.

पेत्राजवळ त्या रात्री यातले थोडेच होते. त्याने कोणापुढे कबुली दिल्याचे शास्त्रात नाही. भरपाई करण्यासारखे तर काही नव्हतेच. कोंबडा आरवला, प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले, आणि तो बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला, एवढेच. परंतु त्याच संध्याकाळी प्रभूने त्याला सांगून ठेविले होते की, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे. प्रभूने त्याच्या अश्रूंसाठी प्रार्थना केली नव्हती. त्याच्या विश्वासासाठी केली होती. त्या विश्वासाचे फळ तिबिर्याच्या सरोवरावर दिसले. काठावर उभा असलेला प्रभु आहे असे कानी पडताच पेत्राने मचव्यातून पाण्यात उडी टाकिली. काठावर कोळशांचा विस्तव पेटलेला होता. मुख्य याजकाच्या अंगणात ज्या विस्तवाशी शेकत उभा राहून त्याने प्रभूला नाकारिले, तोही कोळशांचाच होता. योहानाने दोन्ही ठिकाणी एकच ग्रीक शब्द योजिला आहे, आणि सबंध नव्या करारात तो शब्द या दोनच ठिकाणी येतो. तेथे तीन नकारांच्या जागी तीन प्रश्न आले.

तेव्हा यहूदाच्या ठिकाणी दुःखाची उणीव नव्हती. ज्याचा अपराध केला त्याच्याकडे तो गेला नाही, हीच काय ती उणीव. त्याने आपले पाप याजकांकडे नेले, आणि ते म्हणाले की त्याचे आम्हांस काय. विश्वासावाचून जो पश्चात्ताप होतो त्याला जगात याहून वेगळे उत्तर मिळत नाही, असे आम्हांस वाटते. काही उपदेशक येथे असे दाखवितात की, मत्तयाने यहूदाच्या पस्ताव्याला मेटानोइया शब्द न लावता दुसराच एक हलका शब्द लाविला आहे. ते खरे आहे. पण तोच हलका शब्द मत्तयाने दोन पुत्रांच्या दाखल्यात त्या चांगल्या पुत्रालाही लाविला आहे, जो आधी जात नाही म्हणाला आणि मागून बापाच्या मळ्यात गेला. तेव्हा एका शब्दकोशावर एवढा मोठा भार घालू नये. दोघा शिष्यांची पावले कोणत्या दिशेस गेली, ते पाहावे.

आता इतिहासाकडे वळू. मध्ययुगात पश्चिमेकडील मंडळी शास्त्र लॅटिन भाषेत वाचीत असे, आणि त्यात मेटानोइयाच्या जागी ‘पेनितेन्तिया’ हा शब्द होता. त्या एका शब्दाखाली मनाचा पालट आणि धर्मगुरूने नेमून दिलेले प्रायश्चित्त, या दोन्ही गोष्टी मावत असत, आणि सामान्य माणसाच्या मनात दुसरीच ठसे. १५१६ साली इरॅस्मस या विद्वानाने नवा करार मूळ ग्रीक भाषेत छापून प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, १५१७ च्या ऑक्टोबरात, विटेनबर्ग येथील मार्टिन ल्यूथर नावाच्या संन्यासी अध्यापकाने क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ कलमे पुढे मांडली. त्यांतील पहिलेच कलम या शब्दाविषयी आहे. त्याचा आशय असा की, ख्रिस्ताने पश्चात्ताप करावयास सांगितले तेव्हा विश्वासणाऱ्याचे सगळे आयुष्यच पश्चात्ताप व्हावे असा त्याचा उद्देश होता. १५१८ साली आपले वडीलधारे मार्गदर्शक स्टाउपित्झ यांस लिहिलेल्या पत्रात ल्यूथर सांगतो की, पूर्वी सगळ्या शास्त्रात आपणांस या शब्दाइतका कडू शब्द दुसरा नव्हता, आणि आता याइतका गोड नाही. असे का झाले, तर खऱ्या पश्चात्तापाचा आरंभ देवाच्या प्रीतीपासून होतो, ही गोष्ट स्टाउपित्झ यांच्या तोंडून त्याने ऐकिली. पूर्वी लोक प्रीतीला पश्चात्तापाच्या जिन्याची शेवटली पायरी समजत. ती पहिली पायरी आहे असे कळताच जिना चढण्याचे भय गेले.

जिनीव्हाच्या कॅल्विनने १५५९ साली आपल्या मुख्य ग्रंथाची शेवटची आवृत्ती काढिली, तीत तो या प्रश्नाचे अगदी सरळ उत्तर देतो. पश्चात्ताप विश्वासाच्या मागून येतो, इतकेच नव्हे तर विश्वासापासून जन्मतो. आपण देवाचे आहो असे ज्याला कळले नाही, तो देवाकडे मनापासून फिरेल कसा? परंतु लगेच तो बजावितो की, आधी काही दिवस विश्वास आणि मग काही दिवसांनी पश्चात्ताप, असे अंतर आपल्या मनात नाही. क्रम काळाचा नव्हे, कारणाचा आहे. दिवा लाविला म्हणजे उजेड पडतो; दिवा कारण आणि उजेड कार्य हे खरे, पण दिवा लागून गेला आणि उजेड अजून पडावयाचा आहे, असा क्षण कोणी दाखवू शकणार नाही. आम्हांस हे उत्तर मान्य आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचार करण्याजोगा आहे. आपण आजारी आहो हे कळल्यावाचून कोणी वैद्याकडे जातो काय? तेव्हा पापाची जाणीव आधी नको काय? पाहिजेच. १५६३ च्या हायडेलबर्ग येथील प्रश्नोत्तरावलीचे तीन भाग आहेत: मनुष्याची दुर्दशा, त्याची सुटका, आणि त्याची कृतज्ञता. पापाची जाणीव तीत पहिल्या भागात आहे. पण गंमत अशी की, मन पालटणे, म्हणजे जुन्या मनुष्याचे मरणे व नव्याचे उठणे, हा विषय तिच्या कर्त्यांनी पहिल्या भागात घातला नाही. तो तिसऱ्या भागात, कृतज्ञतेखाली, घातला आहे. यावरून त्यांनी पापाची जाणीव व पश्चात्ताप या दोन वेगळ्या गोष्टी मानिल्या हे उघड होते. कैसरियाचा सुभेदार फेलिक्स याचे उदाहरण घ्या. पौलाचे भाषण ऐकून तो भयभीत झाला. जाणीव पुरेपूर झाली होती. त्याने पौलाला सांगितले की, सध्या जा, सवड होईल तेव्हा बोलावीन.

याच मुद्द्यावरून स्कॉटलंडात एक मोठा वाद माजला होता. १८२९ मध्ये मुंबईस येऊन ज्यांनी शिक्षणाचे एवढे कार्य केले ते डॉ. जॉन विल्सन ज्या देशाचे, त्याच देशाची ही त्यांच्या शंभर वर्षे आधीची गोष्ट आहे. ऑक्टरार्डर येथील प्रांतिक धर्मसभा उपदेशकाचे काम करू इच्छिणाऱ्या उमेदवाराकडून एक विधान कबूल करवून घेत असे. त्याचा आशय असा होता की, ख्रिस्ताकडे येण्यासाठी मनुष्याने आधी पाप सोडलेच पाहिजे, असे शिकविणे योग्य नाही. १७१७ साली स्कॉटलंडच्या सर्वोच्च धर्मसभेने या विधानाचा तीव्र निषेध केला. सभेचे भय अगदीच निराधार होते असे आम्ही म्हणणार नाही. हे वाक्य एखाद्या आळशी मनुष्याच्या हाती पडले तर तो त्याची उशी करून झोपी जाईल. परंतु थॉमस बॉस्टन नावाच्या एका खेड्यातील पाळकाला वाटले की, शब्दयोजना ओबडधोबड असली तरी गोष्ट खरी आहे. त्याने व त्याच्या सोबत्यांनी आपल्या पक्षाला आधार म्हणून १६४५ सालचे एक जुने पुस्तक पुढे आणिले. सभेने १७२० साली ते पुस्तकही निषिद्ध ठरविले, आणि १७२२ मध्ये बारा पाळकांना ताकीद दिली. तथापि बॉस्टनच्या पक्षाने विचारलेल्या प्रश्नाला आजही उत्तर नाही. ख्रिस्ताकडे येण्यापूर्वी पाप सोडावयाचे, तर कोणाच्या बळाने? आणि ज्याला ख्रिस्तावाचून ते सुटले, तो ख्रिस्ताकडे येईल कशाला?

याउलट रोमन मंडळी कृपेला विसरली होती, असा समजही आमच्या तरुणांनी करून घेऊ नये. कृपेने प्रेरित झाल्यावाचून पश्चात्ताप होत नाही, हे तीही शिकविते. आणि १९९९ साली ऑग्सबर्ग येथे लूथरन व रोमन मंडळ्यांनी नीतिमान ठरण्याच्या विषयावर एक संयुक्त घोषणा केली, तीत मनुष्य आपल्या पुण्याईने नव्हे तर कृपेने स्वीकारला जातो, हे दोघांनी मिळून म्हटले आहे.

आमच्या महाराष्ट्रात या विषयाचे जिवंत उदाहरण पाहावयाचे तर पंडिता रमाबाईंचे पाहावे. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. बालपणापासून त्यांनी आईबापांबरोबर तीर्थयात्रा केल्या होत्या, पायी शेकडो कोस तुडविले होते, व्रते-उपवास पाळिले होते. बाप्तिस्म्यानंतर स्वदेशी परतून १८८९ मध्ये त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडिले, आणि त्यापायी लोकनिंदा सोसली. त्याग म्हणावा, तळमळ म्हणावी, पापाचा तिटकारा म्हणावा, यांतले काय उणे होते? तरीही १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या स्पष्ट सांगतात की, आपणांस ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता; तो बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी मिळाला. एवढ्या विदुषीने, एवढ्या कार्यकर्तीने हे लिहावे, याला आम्ही मोठे धैर्य समजतो. पुढे १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात जी जागृती झाली तीत मुली तासन्तास आपल्या पापांबद्दल रडत होत्या. त्या अश्रूंची कोणी थट्टा करू नये. परंतु ज्या आश्रमात त्या मुलींना आधी आसरा, अन्न आणि प्रीती मिळाली होती, त्या आश्रमात ते अश्रू आले, हेही ध्यानात ठेवावे.

हे सर्व लिहिण्याचे कारण केवळ पांडित्य नव्हे. आमच्या पाहण्यात एक विद्यार्थी होता. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. स्वभावाने सरळ, अभ्यासात मध्यम. तो लागोपाठ तीन वेळा प्रभुभोजनाच्या दिवशी मंदिरातून उठून बाहेर गेला. विचारता म्हणाला, “गुरुजी, माझा पश्चात्ताप अजून पुरता झालेला नाही. मला रडूच येत नाही.” आम्ही त्याला विचारले की, बाळ, पुरता झाला हे तू कशाने मोजणार? तो गप्प राहिला. अश्रूंना शेर-पायली नाही. जो आपल्या पश्चात्तापाकडे पाहत बसतो, त्याची पाठ अजून ख्रिस्ताकडेच असते. त्याने एका पापाऐवजी आपल्याच मनाला न्याहाळण्याचा नवा छंद लावून घेतला, एवढाच फरक. त्या मुलाला आम्ही पेत्र व यहूदा यांची गोष्ट पुन्हा वाचावयास दिली. दुसऱ्या टोकाचे विद्यार्थी संख्येने फार आहेत, आणि ते कधी उठून बाहेर जात नाहीत. त्यांस विश्वासाची सर्व कलमे पाठ असतात, आणि वाचनालयातून नेलेले पुस्तक वर्ष उलटले तरी परत आलेले नसते. त्यांनी जक्कयाची गोष्ट वाचावी.

यरीहोचा तो जकातदार झाडावर चढला होता. प्रभूने त्याला अमुक इतके परत कर मग मी तुझ्या घरी येतो, असे सांगितले नाही. आधी त्याने स्वतःलाच त्याच्या घरचे आमंत्रण देऊन घेतले. मोशेच्या नियमशास्त्रात ज्याने फसवून घेतले व मग आपण होऊन कबूल केले, त्याने मूळ रक्कम व वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा, असे सांगितले आहे. जक्कयाने चौपट देऊ केले, आणि शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. कायद्याने जे विसांशही निघाले नसते, ते एका भेटीने निघाले.

आणि उधळ्या पुत्राचा दाखला तर आमच्या सर्व वाचकांस पाठ आहे. तरी त्यातील एक बारकावा बहुधा नजरेतून निसटतो. परदेशी डुकरे चारीत असताना त्याला आठवले ते आपले पाप नव्हे. प्रथम आठवले ते बापाचे घर, आणि तेथील चाकरांनाही मिळणारी पोटभर भाकरी. त्या घराच्या भरवशावर तो उठला. वाटेत म्हणावयाचे भाषण त्याने मनाशी जुळवून ठेविले होते. त्याचे तीन भाग होते: मी पाप केले आहे, तुमचा पुत्र म्हणवून घेण्यास मी योग्य नाही, मला आपल्या एका चाकराप्रमाणे ठेवा. शेवटल्या भागात थोडे प्रायश्चित्त होते. राबून फेडीन, असा त्याचा हिशेब होता. तो दूर असतानाच बाप धावला, त्याच्या गळ्यात पडला, त्याचे चुंबन घेतले. मग पुत्राने भाषणास आरंभ केला. पहिला भाग म्हणून झाला, दुसराही झाला. तिसरा भाग लूकाच्या बहुतेक जुन्या हस्तलिखितांत नाही. तो म्हणेपर्यंत बाप चाकरांकडे वळून झगा, अंगठी आणि वहाणा आणावयास सांगत होता.